जुना संगणक आणि नवी कार्यप्रणाली

चालतें यंत्र बदलावें कां, हा प्रश्न मनुष्याच्या घरांत यंत्रें आलीं तेव्हांपासून विचारला जात आहे. जात्याच्या जागीं गिरणी आली, बोरूच्या जागीं टांक आला. प्रत्येक वेळीं जुन्याचा कैवार घेणारे आणि नव्याची कड घेणारे असे दोन पक्ष घरोघर उभे राहिले. आज तोच प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत संगणकासंबंधानें उपस्थित झाला आहे. टेबलावरचा संगणक आठ-दहा वर्षांचा असतो. त्यावर पत्रें लिहितां येतात, घरखर्चाचा हिशेब ठेवतां येतो, परगांवच्या नातवंडांचीं छायाचित्रें पाहतां येतात. आणि एके दिवशीं पडद्यावर सूचना उमटते कीं, आपली विंडोज जुनी झाली असून ती आतां बदलावी. वडील म्हणतात, "चालतें आहे तें चालूं द्या." मुलगा म्हणतो, "बाबा, जुनें ठेवाल तर धोका आहे." हा वाद नुसत्या मतांनीं मिटणारा नाहीं. परंतु गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास त्याविषयीं पुष्कळ कांहीं सांगतो, आणि तोच आज श्रोत्यांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करूं. पडदा, कळफलक, स्मृति, छपाईयंत्र हे संगणकाचे अवयव निरनिराळे असतात. त्या सर्वांकडून एकविचारानें काम करून घेणारा जो कारभारी, ती ऑपरेटिंग सिस्टीम. आपण तिला कार्यप्रणाली म्हणूं. गाडीच्या चाकाची धांव झिजते तसा हा कारभारी झिजत नाहीं. मग तो जुना कसा होतो? त्याच्या रचनेंत कांहीं छिद्रें नकळत राहिलेलीं असतात. चोर तीं शोधीत असतात, आणि प्रणाली तयार करणारी कंपनी तीं सांपडतील तशीं बुजवीत असते. हें बुजविण्याचें काम कंपनी ठराविक मुदतीपर्यंत करते आणि नंतर थांबविते. २००१ सालीं निघालेल्या विंडोज एक्सपीची ही मुदत ८ एप्रिल २०१४ रोजीं संपली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजीं. आणि २०१५ सालीं आलेल्या विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं. या शेवटच्या प्रणालीसाठीं, नांव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत कंपनीनें जाहीर केली. मुदत संपली म्हणजे यंत्र बंद पडलें असें नव्हे. वाड्याच्या भिंती व दरवाजे जागच्या जागीं असतात. रात्रीचा पहारेकरी मात्र निघून गेलेला असतो.

पहारेकरी नसल्यानें काय होतें, याचें उदाहरण फार लांबचें नाहीं. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा एक प्रोग्रॅम जगभर पसरला. तो संगणकांतील फाइलींना कुलूप घाली आणि किल्लीसाठीं खंडणी मागे. सुमारें दीडशें देशांतील संगणक त्याच्या तडाख्यांत सांपडले. इंग्लंडमधील सरकारी इस्पितळांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, ज्या छिद्रांतून हा चोर शिरला तें छिद्र बुजविण्याची दुरुस्ती १४ मार्च रोजीं, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधींच, निघालेली होती. बळी पडलेल्यांपैकीं बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते आणि त्या प्रणालीची मुदत तेव्हां संपलेली नव्हती. दुरुस्ती मिळत होती. ती घेतली गेली नव्हती. सारांश, घात केला तो यंत्राच्या वयानें नव्हे, मालकाच्या दिरंगाईनें.

एवढें ऐकून नव्याचा पक्ष जिंकला असें कोणी समजूं नये. पुढच्याच महिन्यांत, २७ जून २०१७ रोजीं, 'नॉटपेट्या' नांवाचा दुसरा प्रोग्रॅम सुटला. युक्रेन देशांत हिशेबासाठीं सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रोग्रॅमच्या अधिकृत सुधारणेंतच चोरांनीं तो दडवून दिला होता. ज्यांनीं ती सुधारणा इमानेंइतबारें स्वीकारली त्यांच्याच घरांत तो प्रथम शिरला. तेथून तो मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या यंत्रणेंत पोंचला आणि त्या कंपनीमार्फत थेट आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आला. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत त्या समूहाकडे असलेल्या एका धक्क्याचें काम ठप्प झालें. युक्रेनमधील हिशेबाच्या वहींतून निघालेलें संकट उरणजवळच्या बंदरांत मालाचे डबे अडवून उभें राहिलें! तेव्हां सुधारणा म्हणून जें येतें तें सर्व डोळे मिटून घ्यावें, असाही धडा इतिहास देत नाहीं. आपल्या महत्त्वाच्या कागदांची प्रत संगणकाबाहेर असली तर दोन्ही प्रकारचीं संकटें सोसतां येतात, हा धडा मात्र त्यांतून निश्चित निघतो.

मोठ्या संस्थांनीं या प्रश्नाचा निकाल कसा लावला, हेंही पाहण्याजोगें आहे. बँकांचीं पैसे देणारीं यंत्रें म्हणजे आंतून संगणकच असतात, आणि त्यांपैकीं पुष्कळ यंत्रें मुदत संपलेल्या प्रणालीवर चालत होतीं. रिझर्व्ह बँकेनें २१ जून २०१८ च्या परिपत्रकानें बँकांना टप्पे घालून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत पंचवीस टक्के, डिसेंबरपर्यंत पन्नास, मार्च २०१९ पर्यंत पंचाहत्तर आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रें नव्या, मुदतींतल्या प्रणालीवर न्यावीं. एका रात्रींत सर्व बदला असें तिनें म्हटलें नाहीं. सवडीनें बदला असेंही म्हटलें नाहीं. बदल अटळ आहे हें ठरवून त्याचा क्रम लावून दिला. घरगुती संगणकाच्या मालकानेंही हीच रीत उचलण्यासारखी आहे.

येथवर जें सांगितलें तें कोणत्याही देशाच्या व भाषेच्या मनुष्याला लागू आहे. मराठी कुटुंबापुढें मात्र एक अधिक अडचण असते, आणि माझ्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ती समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

संगणकावर आपल्या लिप्या आणण्याचा एक मोठा उद्योग कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें झाला आणि तो पुढें १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें वाढविला. संगणकांत एक 'जिस्ट' कार्ड बसविलें म्हणजे त्या काळच्या डॉस प्रणालीवर देवनागरी अक्षरें उमटत. अक्षरांना कोणते अंक द्यावेत याचें 'इस्की' हें भारतीय प्रमाणही १९९१ सालीं ठरलें. परंतु पुढें विंडोज घरोघर गेली तेव्हां छपाईची निकड मोठी होती आणि प्रमाणाकडे लक्ष थोडें होतें. श्रीलिपि, आकृति, कृतिदेव, सुरेख अशा नांवांचे फॉन्ट आले. त्यांची युक्ति अशी कीं, रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवावयाचे. कागदावर 'क' उमटे. संगणकाच्या पोटांत मात्र तें एखादें भलतेंच रोमन चिन्ह असे. शिवाय कोणता तुकडा कोणत्या घरांत, हें प्रत्येकानें आपापल्या सोयीनें ठरविलेलें. अशा रीतीनें लक्षावधि पत्रें, कुलवृत्तांत, देवस्थानांचे हिशेब, स्मरणिका व प्रश्नपत्रिका टंकल्या गेल्या. संगणक बदलला, तो विशिष्ट फॉन्ट नव्या यंत्रावर नसला, कीं त्या सर्वांच्या जागीं निरर्थक चिन्हांची रांग दिसूं लागते.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली आणि तींतील देवनागरीची मांडणी आपल्या इस्कीच्या पायावरच केलेली आहे. २००० सालच्या विंडोजमध्यें प्रथमच देवनागरी प्रणालीच्या अंगभूत आली. तिच्यासाठीं 'मंगल' हा फॉन्ट सुप्रसिद्ध अक्षरकार व कवि प्रा. र. कृ. जोशी यांनीं घडविला. तरीही मराठीचें सर्व कांहीं एकदम साधलें नाहीं. 'ॲ' हें मराठीचें अक्षर युनिकोडमध्यें २००८ सालीं आलें. महाराष्ट्र शासनानें मराठी वर्णमालेसंबंधीं निर्णय काढला तो ६ नोव्हेंबर २००९ रोजीं. रुपयाचें '₹' हें चिन्ह जुलै २०१० मध्यें स्वीकृत झालें आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत युनिकोडांत दाखल झालें. जुन्या प्रणालीला हीं चिन्हें ठाऊक नसतात. तींच्या जागीं ती रिकामी चौकट दाखविते. म्हणजे नवी प्रणाली ही कंपन्यांची नुसती विक्रीची युक्ति नव्हे. मराठीचें लेखन अधिक पूर्ण होत गेलें आहे तें तिच्याबरोबरच.

अशी स्थिति आपल्या भाषेवर पूर्वीं एकदां येऊन गेली आहे. शेंकडों वर्षें आपला दरबारी व घरगुती व्यवहार मोडी लिपींत चालला. छापखाना आला, छपाईस बालबोध सोयीची ठरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली. बालबोध आली यांत अनिष्ट कांहीं नव्हतें. परंतु मागें राहिलेल्या कागदांचें लिप्यंतर त्या मानानें फारच थोडें झालें. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तेवढे सामान्य वाचकाच्या हातीं आले. उरलेले रुमाल मोडी जाणणाऱ्या मोजक्या अभ्यासकांची वाट पाहात राहिले. लिपि बदलतांना मजकूर बरोबर नेला नाहीं तर काय होतें, याचा हा आपल्या घरचाच दाखला आहे.

याच्या उलट दाखला आमच्या मुळशी तालुक्यांत आहे. कासार आंबोलीस राहणाऱ्या माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला तो विशेष जवळचा वाटतो. पहांटे दळतां दळतां बायका ज्या ओव्या म्हणत, त्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघा अभ्यासकांनीं १९८० नंतरच्या काळांत मुळशी-मावळच्या गांवांतून व पुढें अन्य जिल्ह्यांतून जमविण्यास आरंभ केला. संग्रह एक लक्षाच्या वर गेला. बर्नार्ड बेल या संगीत व संगणक दोन्ही जाणणाऱ्या विद्वानानें १९९० नंतरच्या दशकांत त्या ओव्यांची संगणकावर सूचि बांधली आणि शंभरांहून अधिक तासांचें ध्वनिमुद्रण केलें. २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानें त्या ओव्या अर्थासह व आवाजासह जगापुढें ठेविल्या. त्या तीस वर्षांत संगणकाच्या कितीतरी पिढ्या आल्या आणि गेल्या. जातें थांबलें, तरी ओवी राहिली. कारण प्रत्येक टप्प्यावर ती पुढल्या साधनांत उतरवून घेणारें कोणीतरी होतें.

आतां निर्णयाकडे येऊं. संगणक बदलावा कीं नाहीं, हें विचारण्यापूर्वीं त्यांत आपलें काय आहे हें पाहावें. सर्व कागदपत्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागीं काढाव्या. एक तरी संगणकापासून सोडवून कपाटांत ठेवावी. नंतर जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडांत उतरवावा. हें काम करणारे रूपांतरक मिळतात. परंतु रूपांतरानंतर मूळ मजकुराशीं ताडून पाहिल्यावांचून राहूं नये. जुन्या फॉन्टमध्यें ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं व रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असतो, युनिकोडांत क्रम उच्चाराप्रमाणें असतो. म्हणून चुका बहुधा याच दोन ठिकाणीं राहतात. आणि हा ताळा जुना संगणक चालूं आहे तोंपर्यंतच घेतां येतो. सोळा बिटांच्या काळचे डॉसचे प्रोग्रॅम चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सरळ चालत नाहींत, आणि विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटांचीच आहे.

इतकें झाल्यावर मग यंत्राची पात्रता पाहावी. विंडोज ११ ला मान्य यादींतला प्रोसेसर, किमान ४ जीबी स्मृति, ६४ जीबी सांठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. २०१७ पूर्वींचे बहुतेक संगणक या कसोटीस उतरत नाहींत. उतरत असेल तर प्रणाली बदलावी. बँकेचे व्यवहार त्यावर करीत असाल तर विलंब करूं नये. उतरत नसेल तर धडधाकट यंत्र भंगारांत घालण्याचें कारण नाहीं. १९९१ सालीं सुरू झालेल्या लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावर चालतात, फुकट मिळतात आणि त्यांच्या दुरुस्त्या चालूं असतात. आणि एखादें जुनें यंत्र केवळ एखाद्या जुन्या प्रोग्रॅमसाठीं ठेवणें भाग असेल, तर तें खुशाल ठेवावें. मात्र इंटरनेटपासून कायमचें तोडून ठेवावें, आणि त्यांत बाहेरचा पेनड्राइव्हही घालूं नये.

म्हणजे वडील आणि मुलगा या दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. मुलानें प्रणालीची मुदत पाहावी. वडिलांनीं जुन्या फाइली उघडून त्यांत काय आहे तें सांगावें, कारण कोणतें पत्र कोणाचें आणि कोणता हिशेब कशाचा हें त्यांनाच ठाऊक असतें. दोघांनीं मिळून एक रविवार या कामीं घालविला तर तो कारणीं लागेल. नवा संगणक पुढच्या महिन्यांतही विकत मिळेल. आजोबांनीं सांगितलेला आणि वीस वर्षांपूर्वीं टंकून ठेवलेला कुलवृत्तांत मात्र बाजारांत मिळत नाहीं. तेव्हां आधीं तो सोडवून घ्यावा, आणि मग पडद्यावरच्या त्या सूचनेला होकार द्यावा.