न उठलेला घुमट
अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात १९३३ साली सुरू झालेल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात सक्तीचे विषय नव्हते. शेतकाम, बांधकाम हा मात्र दिनक्रमाचाच भाग. ईडन तळ्याकाठची लांबलचक इमारत विद्यार्थी-शिक्षकांनीच बांधली.

१९४८च्या उन्हाळ्यात रचनाकार बकमिन्स्टर फुलर शिकवायला आले. खिडकीच्या पडद्यांच्या धातूच्या पट्ट्या जोडून मोठा घुमट उभारायचा बेत ठरला. बघ्यांची गर्दी पावसात ताटकळली. घुमट काही उठेना! गवतावर आडवाच राहिला. अशा फजितीला सबंध कॉलेज हजर असणं, ही खरी चैन.

पुढच्या उन्हाळ्यात फुलर परतले. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा छोटा घुमट उभा राहिला आणि पोरं त्याला खुशाल लोंबकळली.

पैशाची तंगी कायमचीच. १९५७ साली कॉलेजला टाळं लागलं.