बालांची चित्रे आणि प्रौढांचे हास्य

मुलांसाठी काढलेली हलती चित्रे घरातील मोठी माणसेही आवडीने पाहत बसतात, याचे आपणांस अलीकडे आश्चर्य वाटू लागले आहे. वडीलधारा गृहस्थ मुलाच्या शेजारी बसून व्यंगचित्रपट पाहताना मोठ्याने हसला, तर तो थोडा ओशाळतो आणि 'मुलांबरोबर पाहिले' अशी सबब पुढे करतो. या ओशाळेपणाच्या मुळाशी एक गृहीत आहे. करमणूक ही वयपरत्वे वेगळी असते, आणि मुलांच्या करमणुकीत प्रौढाला काही गवसलेच तर तो योगायोग समजावा, असे ते गृहीत होय. प्रस्तुत लेखकाच्या मते इतिहास याच्या नेमका उलट आहे. आपल्या देशात चित्र हलू लागले, बोलू लागले, तेव्हा त्याच्यासमोर नातू आणि आजोबा एकाच जमिनीवर बसले होते. दोघांना वेगळे बसविण्याची कल्पना पुष्कळ नंतरची आहे. हे पडताळून पाहावयाचे तर कावेरीकाठच्या कुंभकोणमसारखे ठिकाण सोयीचे. तेथील बाहुल्यांचा खेळ आजही ओळखीचा आहे. शिवाय त्या मुलखात पडद्यावर चित्रे नाचविणाऱ्यांची घरची भाषा मराठी आहे.

कुंभकोणम हे 'बोम्मलाट्टम' या लाकडी बाहुल्यांच्या खेळाचे एक जुने केंद्र. भारतातील पारंपरिक सूत्रबाहुल्यांमध्ये या बाहुल्या आकाराने सर्वांत मोठ्या व वजनाने सर्वांत जड समजल्या जातात. काही बाहुल्या साडेचार फूट उंच आणि सुमारे दहा किलो वजनाच्या असतात. सूत्रधार डोक्यावर लोखंडी कडे मुकुटासारखे घालतो. बाहुलीची सूत्रे त्या कड्याला बांधलेली असतात आणि तिचे हात दांड्यांनी हलविले जातात. म्हणजे सूत्रधाराची मान हलली की बाहुली डोलू लागते. मुख्य कथेपूर्वीचा पूर्वरंग चार भागांचा असून त्यात विनायकपूजेनंतर लगेच येतो तो 'कोमाळी', म्हणजे विदूषक. मराठी वाचकाला हा क्रम परका वाटू नये. तमाशात गणानंतरच्या गवळणीत सोंगाड्या येतो, दशावतारात संकासूर येतो, त्याच जागी हा उभा आहे. देवाला नमस्कार झाला की लगेच हसण्याची सोय करावयाची, आणि ती वयाचा दाखला न विचारता करावयाची, हा या रंगभूमीचा पहिला नियम दिसतो.

लाकडी बाहुलीपेक्षा आजच्या व्यंगचित्रपटाच्या अधिक जवळचा खेळ म्हणजे चामड्याच्या छायाबाहुल्यांचा 'तोलपावैक्कूत्तु'. येथे पात्र सपाट असते आणि रेषेने व रंगानेच उभे राहते. कातडे अर्धपारदर्शक होईपर्यंत कमवून, रंगवून, बारीक छिद्रांनी अलंकार पाडून ते पांढऱ्या कापडामागे दिव्यापुढे धरतात. पडदा, प्रकाश, रंगीत आकृती आणि तिला उसना दिलेला आवाज, एवढ्या सामग्रीत व्यंगचित्रपटाची बहुतेक अंगे येऊन जातात. तमिळनाडूत हा खेळ करणारा समाज 'मंडिकर' या नावाने ओळखला जातो. हे लोक नावापुढे 'राव' लावतात आणि घरात मराठीची एक बोली बोलतात. व्यंकोजी राजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास भोसल्यांची गादी स्थापिली. त्या राज्याच्या आश्रयाने आपले पूर्वज दक्षिणेत उतरले, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. ही समजूत इतिहास म्हणून जशीच्या तशी स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु आंध्रातील व कर्नाटकातील छायाबाहुल्यांचे खेळ करणाऱ्या समाजांतही घरची बोली मराठीच आढळते. महाराष्ट्रात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांबरोबर चामड्याच्या बाहुल्याही नाचवितात. त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ही साखळी ध्यानात घेतली म्हणजे मराठी बोलणाऱ्या माणसांचा आणि पडद्यावरील चित्रांचा संबंध चित्रपटाच्या आधीचा आहे, एवढे तरी मान्य करावे लागते.

या छायाखेळात रामायणाचे प्रसंग असतात, हरिश्चंद्र असतो, आणि तमिळ लोकांच्या काळजाला घर करून बसलेली नल्लतंगाळची कथा असते. दुष्काळात सात मुलांना घेऊन ती भावाच्या घरी येते, भावजय अन्न देत नाही, आणि शेवटी ती मुलांना विहिरीत लोटून स्वतःही जीव देते. मुलांना दाखविण्याजोगी ही कथा आहे काय, असा प्रश्न आज कोणीही विचारील. परंतु ती मुलांच्या देखतच दाखविली जात आली. आणि ती त्यांना सोसवावी याची तजवीजही त्याच पडद्यावर होती. ती म्हणजे उच्चिकुडुंबन आणि उळुवत्तलैयन ही विनोदी जोडी. पहिल्याच्या डोक्यावर शेंडी उभी असते. आंध्रातील खेळात याच जागी जुट्टुपोलिगाडू आहे आणि त्याचेही नाव शेंडीवरूनच पडलेले आहे. कथेचा करुण भाग फार ताणला गेला की ही मंडळी पडद्यावर उसळी घेतात, भांडतात, एकमेकांना बडवितात, पडतात व पुन्हा उठतात.

या जोडीचे काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. तिची देहबोली मुलासाठी आहे. चपट्या कातड्याच्या माणसाला कितीही मारले तरी तो मरत नाही, ही कल्पना मुलाला अमर्याद आनंद देते. मांजर-उंदराच्या अमेरिकन चित्रपटांनी पुढे जग जिंकले ते याच कल्पनेच्या बळावर. तिची वाणी मात्र प्रौढांसाठी आहे. रामाचे आणि हरिश्चंद्राचे बोलणे भारदस्त असते; हे दोघे गल्लीतील तमिळ बोलतात. गावातील सावकार, महागाई, सासू-सुना, नवा कायदा, नवा सिनेमा असे सारे त्यांच्या तोंडी येते. एकाच क्षणी मूल पडण्याला हसते आणि बाप बोलण्याला. दोघांना परस्परांचे हसू ऐकू येते, आणि बाप का हसला हे मुलाला आणखी काही वर्षांनी उमगते. बालकलेतून प्रौढत्वाकडे नेणारी एवढी सहज वाट दुसरी कोणती असेल, असे वाटत नाही.

भाषांतराचा व्यवसाय केलेल्या माणसाला येथे आणखी एक गोष्ट दिसते. पडद्यामागे बसून राम, सीता, रावण आणि विदूषक या सर्वांचे आवाज काढणारा कलावंत घरी मराठी बोलतो व पडद्यावर तमिळ. जी भाषा आपण कान लावून शिकलो, तिच्यातील लकबी, तिच्यातील पोकळ डौल आपणांस अधिक स्पष्ट ऐकू येतो. उच्चिकुडुंबनाची बोली इतकी धारदार झाली, ती दोन भाषांच्या उंबरठ्यावर बसलेल्या कानामुळे, असा माझा तर्क आहे. तो सिद्ध करणे कठीण; पण या विनोदाचे मराठी भाषांतर करू पाहणाऱ्याच्या हाती मुलाचा वाटा तेवढा येतो आणि प्रौढाचा वाटा निसटतो, हे मात्र अनुभवाने सांगता येईल.

बाल व प्रौढ यांची ही पंगत केवळ गावकुसाशीच बसत होती असे नव्हे. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात विरहिणी नायिकेचा हात पाहून भविष्य सांगणारी कुरव जमातीची स्त्री आपण हिंडलेल्या देशांचे वर्णन करते. सरफोजींच्या नाटकात ही भटकी स्त्री पृथ्वीचा भूगोलच सांगू लागते. शिकणाऱ्या मुलाला यातून खंडे आणि देश मिळतात. ज्याने कुरवंजीचे खेळ पाहिले आहेत अशा प्रौढाला भविष्याच्या जागी भूगोल आलेला पाहून गंमत वाटते. दरबारी पांडित्य आणि विदूषकाची बडवाबडवी यांत अंतर फार आहे, पण रचनेचे तत्त्व एकच आहे.

चित्रपटाच्या आरंभीच्या कर्त्यांनाही हे तत्त्व ठाऊक होते. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला, त्यात आगकाड्या आपण होऊन हलताना दिसतात. त्या पाहण्यास पोरांइतकेच थोरही उत्सुक असणार. लोट्टे रायनिगर या जर्मन कलावतीने १९२६ साली अरबी सुरस कथांवरून राजपुत्र अखमेदच्या साहसांचा पूर्ण लांबीचा चित्रपट कापलेल्या छायाकृतींतून उभा केला. छापील चित्रांतही हीच वृत्ती दिसते. तंजावरात जन्मलेले आणि कुंभकोणमच्या कलाशाळेत शिकलेले गोपुलू (१९२४–२०१५) 'आनंद विकटन'मध्ये शब्दांविना चित्रमालिका काढीत. अक्षर न ओळखणारे मूल आणि अंक विकत घेणारा बाप या दोघांनाही त्या सारख्याच खुल्या होत्या.

या जुन्या खेळाचे सोवळे चित्र रंगविण्याचा माझा हेतू नाही. विदूषकाची भाषा पुष्कळदा ओंगळ असे. बायकोला मारण्यावरचा आणि दुबळ्यांच्या व्यंगावरचा विनोद त्यात भरपूर होता. तो गाळला गेला तर कोणाचे नुकसान नाही. परंतु गाळणाऱ्याचा हात तेथेच थांबत नाही. बाहुल्यांचा खेळ म्हणजे मुलांचा, असे एकदा ठरले की तो तासाभरात बसविला जातो, स्वच्छतेचा किंवा साक्षरतेचा संदेश त्यावर लादला जातो, आणि विदूषक सूचना वाचून दाखविणारा कारकून होतो. मागच्या रांगेतील बाप उठून जातो. थोड्या वेळाने मूलही कंटाळते, कारण शेजारी कोणी हसत नाही.

याचा परिणाम किती गंभीर आहे हे केरळशी तुलना केल्यास कळेल. तेथील छायाखेळ भगवतीच्या देवळांपुढील कूत्तुमाडात होतो. तो देवीसाठी असल्याने समोर कोणी नसले तरी रात्रभर चालू शकतो. तमिळनाडूतील राव मंडळींना असा आधार नाही. गावोगाव हिंडून प्रेक्षकांच्या पैशावर त्यांनी ही कला चालविली, आणि पैसा प्रौढाच्या कनवटीला असतो. प्रौढाचा वाटा काढून घेतला की मुलाचा वाटाही फार दिवस टिकत नाही, हे त्यांच्या संसाराने आपणांस दाखविले आहे. पडद्यामागे बोलली जाणारी ती मराठीही याच ओघात विरत चालली आहे. आज मुलांसाठी चित्रपट काढणाऱ्यांनी आणि मराठीत बालवाङ्मय लिहिणाऱ्यांनी उच्चिकुडुंबनाची शिवी घेऊ नये. पण पडद्यासमोर मुलाच्या मागे आणखी कोणी बसलेले आहे, ही त्याची जाणीव अवश्य घ्यावी.