रायफलची पीप साइट: क्लिक कसा मोजायचा आणि नेमका पार्ट कसा शोधायचा?

मोबाइलच्या कॅमेऱ्यात 'अ‍ॅपर्चर' हा शब्द तुम्ही पाहिलाच असेल. अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक. ऑलिंपिकमधले रायफल नेमबाज असंच एक बारीक भोक डोळ्यासमोर ठेवून नेम धरतात. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, ते अशाच साइटमधून बघून. या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही.

मी क्लबच्या रेंजवर १० मीटर एअर रायफल मारतो आणि तिथल्या साइट्सची देखभालही बघतो. नवीन मुलांचे प्रश्न बहुतेक दोनच असतात: "किती क्लिक फिरवू?" आणि "हा पार्ट कुठला घेऊ?" दोन्हींचं उत्तर एकच आहे. अंदाज नको, आधी मोजा.

पीप साइट म्हणजे काय?

या साइटचे दोन भाग असतात.

१. मागची साइट (डायॉप्टर): डोळ्याजवळ असते. मधोमध बारीक भोक, वर एक नॉब आणि बाजूला एक नॉब. वरचा नॉब उंचीसाठी, बाजूचा डावी-उजवीसाठी.

२. पुढची साइट: नळीच्या टोकाकडचा छोटा बोगदा. त्यात रिंग बसवलेली असते. या रिंगला इन्सर्ट म्हणतात.

मागच्या भोकाच्या मधोमध पुढचा बोगदा, बोगद्यात रिंग आणि रिंगच्या मधोमध टार्गेटचा काळा गोल. वर्तुळात वर्तुळ दिसलं की नेम बरोबर. दोन वर्तुळांचे मध्य जुळले की नाही हे आपला डोळा पटकन ओळखतो, म्हणून ही रचना इतकी अचूक आहे.

भोक बारीक कशाला? घरी करून बघा. कागदाला सुईने भोक पाडा आणि डोळ्याला लावून अगदी जवळ धरलेली अक्षरं वाचा. एरवी धूसर दिसणारी अक्षरं बऱ्यापैकी स्पष्ट होतील. बारीक भोकातून जवळचं आणि लांबचं, दोन्ही एकाच वेळी ठीक दिसतं. नेमबाजाला जवळची रिंग आणि लांबचं टार्गेट एकदमच बघायचं असतं.

एवढ्याशा हालचालीने किती फरक पडतो?

१० मीटर टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ २.५ मिमीने बाहेर असतं. आता गणित बघा. पुढच्या-मागच्या साइटमध्ये ८०० मिमी अंतर आहे असं धरा. टार्गेट १०,००० मिमी लांब. १०,००० भागिले ८०० म्हणजे १२.५. मागची साइट जितकी सरकेल त्याच्या साधारण साडेबारा पट पेलेट सरकेल. साइट ०.२ मिमी हलली, म्हणजे झेरॉक्सच्या दोन कागदांच्या जाडीएवढी, की पेलेट अख्खं एक वर्तुळ सरकतो. म्हणूनच साइट क्लिकवर चालते आणि ढिला स्क्रू इथे परवडत नाही.

नॉब कुठल्या बाजूला फिरवायचा?

नियम सोपा: पेलेट जिकडे न्यायचा, मागची साइट तिकडे सरकवायची. घोळ होतो तो नॉबवरच्या अक्षरांमुळे. जर्मन बनावटीच्या साइटवर 'एच' म्हणजे होख (वर), 'टी' म्हणजे टीफ (खाली), 'आर' म्हणजे रेख्ट्स (उजवी) आणि 'एल' म्हणजे लिंक्स (डावी). अशा बऱ्याच साइटवर ते अक्षर शॉट कुठे पडला ते सांगतं. शॉट वर पडला तर 'एच'कडे फिरवा, पेलेट खाली येईल. इतर काही बनावटींत खूण बरोबर उलट असते. त्यामुळे नवीन साइट हातात आली की एकदा दोन्ही नॉब तपासा आणि वहीत लिहून ठेवा.

तुमच्या साइटचा एक क्लिक किती मिमी?

हे काम रेंजवर, कोचच्या देखरेखीखाली करा. साइटला हात लावण्याआधी रायफल रिकामी करून सेफ्टी फ्लॅग लावा.

१. आधार घेऊन ५ शॉट मारा. हा पहिला ग्रुप.
२. बाजूचा नॉब एकाच दिशेने १० क्लिक फिरवा.
३. त्याच बिंदूवर नेम धरून त्याच टार्गेटवर आणखी ५ शॉट मारा.
४. दोन्ही ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर मोजा, १० ने भागा. झालं.

पट्टी नसेल तर मोबाइल आहेच. टार्गेटचा फोटो अगदी समोरून काढा, तिरका नको. १० मीटर टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमीचा असतो. फोटोत तो ६१० पिक्सेल भरला, तर २० पिक्सेल म्हणजे १ मिमी. ग्रुप ६० पिक्सेल सरकला असेल तर ३ मिमी, म्हणजे एका क्लिकला ०.३ मिमी. वरच्या नॉबसाठीही हेच पुन्हा करा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एका शॉटवरून क्लिक फिरवू नका. तो शॉट तुमच्या हाताने गेलेला असू शकतो. ग्रुप सरकला तरच साइट सरकवा. दुसरं, जुन्या साइटमध्ये दिशा बदलताना थोडा मोकळा फेर असतो. म्हणून परत येताना दोन-तीन क्लिक पुढे जाऊन शेवट नेहमी एकाच दिशेने करा.

रिंग आणि भोक किती मोठं?

पुढची रिंग फार घट्ट घेतली की काळा गोल आणि रिंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात आणि ट्रिगर दाबायला उशीर होतो. भोवती पांढऱ्या प्रकाशाची स्पष्ट कडी दिसली पाहिजे. माझी सुरुवात ३.८ मिमीच्या रिंगने असते, मग दोन दिशांना एकेक माप बदलून ग्रुप बघतो.

मागचं भोक बदलता येणारं असेल तर त्याला आयरिस म्हणतात. इनडोअर रेंजवर १.१ मिमीच्या आसपास सुरू करा. चित्र अंधारं आणि मळकट वाटलं तर थोडं मोठं करा. रिंगची कड धूसर झाली तर लहान करा. रिंग आणि भोक, दोन्ही एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

पार्ट शोधताना ही मापं हवीतच

कंपनीचं नाव पुरेसं नाही, कारण एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या साइट वेगळ्या असतात. दुकानदाराला मेसेज करण्याआधी हे तपासा:

• पुढचा बोगदा १८ मिमीचा की २२ मिमीचा? या दोन मापांचे इन्सर्ट एकमेकांत बसत नाहीत.
• आयरिसचे आटे: आनशुट्झ, फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर यांच्या डायॉप्टरला ९.५ मिमी व्यास आणि १ मिमी पिच हे माप सर्रास असतं. व्हर्नियरवर व्यास ९.५ पेक्षा किंचित कमी दिसेल. आट्यांचं तसंच असतं.
• साइट बसते ती रेल: टार्गेट रायफलवर साधारणपणे ११ मिमी.
• अ‍ॅलन की कुठल्या मापाची लागते.

आटे मोजायला स्टीलची पट्टी शेजारी, त्याच पातळीत ठेवून मोबाइलने जवळून फोटो काढा आणि झूम करून मोजा. ४ मिमीत ४ आटे म्हणजे पिच १ मिमी. हाच फोटो दुकानदाराला पाठवा, निम्मे प्रश्न तिथेच संपतात. परदेशी साइटवर शोधताना जर्मन नावं उपयोगी पडतात: रिंगची रिंगकॉर्न, आयरिसची इरिसब्लेंडे.

पार्ट हाताने दोन फेरे सहज फिरला तरच पुढे घट्ट करा. अडला तर जोर लावू नका. आटे मोडले की छोट्या पार्टचा नाही, अख्ख्या डायॉप्टरचा खर्च येतो. क्लिकची स्प्रिंग आणि बारीक गोळी आत असते. ते झाकण घरी उघडू नका.

सेकंडहँड साइट घेण्याआधी ही चाचणी करा

एक ग्रुप मारा. मग नेम तोच ठेवून २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे असं करत प्रत्येक टप्प्यावर ग्रुप मारा. टार्गेटवर चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर येऊन बसला पाहिजे. नाही बसला तर आधी रेलवरचे स्क्रू घट्ट करून पुन्हा बघा. तरीही तसंच असेल तर साइट आतून झिजली आहे. किंमत कितीही कमी असो, अशी साइट घेऊ नका. तिच्यावर तुम्ही मोजलेला एकही क्लिक खरा ठरणार नाही.