ताप, वय 22

मुलुंड स्टेशनवर स्लो लोकलची वाट बघत होतो, तेवढ्यात चुलतभावाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. "तुला मोडी येते ना? यात आपलं आडनाव आहे का बघ."

2023 पासून असे फोटो घराघरांत फिरतात. मराठा-कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरं उघडली. त्यातच असतो गाव नमुना 14, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही. भावाला हवा होता जातीचा रकाना. मी अडकलो दुसऱ्याच ओळीत.

मोडी 'येते' हे जरा जास्तच झालं. एका वर्गात दहा दिवस बाराखडी गिरवली, एवढंच. छापील तक्ता पाठ होतो, पण माणसाचं अक्षर वेगळंच. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचं. 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका उगाच टिकलेली नाही! त्यात इंग्रजी अमलातली मोडी टाकाने घाईघाईत लिहिलेली.

एका ओळीत 'कोम' असं काहीतरी होतं. मी ते आडनाव समजून दोन दिवस घालवले. मग कळलं, 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, तसं 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. ते बाजूला काढल्यावर नवऱ्याचं नाव उरलं. ते माझ्या पणजोबांचं होतं.

आमच्या घरात पणजीबद्दल एकच वाक्य होतं: ती गेली. आजोबा तेव्हा चार वर्षांचे. पणजोबा परळच्या गिरणीत, आणि आई आपल्याला टाकून मुंबईला निघून गेली, असंच आजोबा धरून चालले. पुढे स्वतः मुंबईत आले, घाटकोपरला संसार केला, पण आईचं नाव काढू दिलं नाही. सर्वपित्रीला वडिलांचं पान वाढायचे, आईचं नाही. "असेल कुठेतरी," म्हणायचे.

ओळ अशी होती: 25 आक्टोबर 1918, मयत, वय 22, कारण ताप.

1918 च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबईत शिरला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट जीवघेणी ठरली. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. विशीतिशीतली धडधाकट माणसं त्यात फार होती. पण गावच्या वहीत इन्फ्लुएंझा कुठून येणार? पटकी, देवी, प्लेग ही नावं ठाऊक होती, बाकी बहुतेक सगळं 'ताप'. म्हणून मी कारण सोडून तारखा बघितल्या. आधीचं पान सहा महिन्यांचं होतं, हे पान नऊ दिवसांचं. अक्षरही खाली खाली वाकडं होत गेलेलं. लिहिणाऱ्याचा हात दुखला असेल, की त्यालाही ताप होता?

एकाच नावाच्या दोन बायका असू शकतात, म्हणून मी भावाकडून पुढची-मागची पानं मागवली. त्या नवऱ्याचं नाव आणि आडनाव एकत्र पुन्हा कुठे आलं नाही.

म्हणजे गावातल्या कुणीतरी चार वर्षांच्या पोराला "आई गेली" असं सांगितलं असणार. खरंच सांगितलं. पोराने त्याचा दुसरा अर्थ घेतला, आणि तो खोडायला कुणी बसलं नाही.

रविवारी घाटकोपरला आत्याकडे गेलो. फोन तिच्यापुढे धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अप्पांना हे कळायला हवं होतं रे," म्हणाली. आजोबा जाऊन एकवीस वर्षं झाली.

मग बराच वेळ काही बोलली नाही. चहा निवला.

"बावीस? आपल्या चिंगीएवढी?" चिंगी म्हणजे तिची नात. "दिवाळीच्या तोंडावर गेली गं बाई. तिथी काय होती, काढता येईल?"

फोनमध्ये तारीख टाकली. आश्विन वद्य निघाली. आत्याने पेन मागितलं आणि कालनिर्णयच्या मागच्या पानावर तिथी लिहून घेतली, खाली पणजीचं नाव. भावाला मात्र जातीचा रकाना अजून मिळालेला नाही. त्या पानावर तिथेच शाई फुटली आहे.