स्त्रीमदजन व त्याचे ग्राही : मूषकदेहातील कार्य

स्त्रीमदजन म्हणजेच इस्ट्रोजेन. अंडकोशात प्रामुख्याने तयार होणाऱ्या व अठरा कार्बन-अणूंचा सांगाडा असलेल्या स्टेरॉइड हॉर्मोनांचे हे सामायिक नाव असून एस्ट्राडायोल, एस्ट्रोन व एस्ट्रायोल ही त्यांतील प्रमुख होत. मादीच्या मदकालाशी असलेला संबंध ध्यानी घेऊन परिभाषाकारांनी हे नाव योजिले, ते व्युत्पत्तीच्या दृष्टीने यथार्थच आहे. तथापि त्यामुळे हे द्रव्य केवळ मादीच्या मालकीचे, असा जो समज रूढ झाला, तो पुढे मूषकावरील प्रयोगांनीच खोडून काढला. मूषक हा शब्द येथे घरात वावरणाऱ्या लहान उंदराच्या प्रयोगशाळेत वाढविलेल्या वंशजांना उद्देशून वापरला असून, त्याचा थोराड भाऊबंद जो रॅट, त्याचा उल्लेख स्वतंत्रपणे केला आहे. हा भेद वाटतो तितका क्षुल्लक नाही, हे पुढे टॅमॉक्सिफेन या औषधाच्या हकिकतीवरून दिसून येईल.

मूषकमादीचे मदचक्र चार ते पाच दिवसांचे असते. पूर्वमद, मद, उत्तरमद व विमद या त्याच्या अवस्था योनिमार्गातील झडलेल्या कोशिका काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. ऐन मदकालात केंद्रक हरवलेल्या, चपट्या, शृंगमय कोशिकाच काय त्या दिसतात, तर विमदात श्वेत कोशिकांची गर्दी होते. एडगर ॲलन याने १९२२ साली मूषकाच्या या चक्राचे सविस्तर वर्णन केले, आणि पुढल्याच वर्षी एडवर्ड डॉइझी या रसायनज्ञाच्या सहकार्याने त्याने सेंट लुइस येथे असे दाखवून दिले की, डुकरिणीच्या अंडकोशातील पुटकांमधला द्रव अंडकोश काढून टाकलेल्या मूषक व रॅट माद्यांना टोचला असता त्यांच्या ठिकाणी मदकालाची लक्षणे पुन्हा उमटतात. मूषकाच्या रक्तात हे हॉर्मोन एका मिलिलिटरास ग्रॅमाच्या लाख कोटीव्या भागाच्या मापाने मोजावे लागते. इतके सूक्ष्म वजन करणारा तराजू त्या काळच्या रसायनशास्त्रापाशी नव्हता, सबब मूषकमादी हाच तराजू ठरला आणि अर्काचा जोम ‘मूषक-एककां’त सांगण्याची प्रथा पडली. १९२९ मध्ये डॉइझी व जर्मनीतील बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे एस्ट्रोन स्फटिकरूपात मिळविले. बुटेनांटला लैंगिक हॉर्मोनांवरील कार्याबद्दल १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डॉइझीलाही १९४३ चे मिळाले, पण ते के-जीवनसत्त्वाबद्दल. पारितोषिकांची जमा कधीकधी अशी भलत्याच खात्यावर पडते.

रक्ताबरोबर सर्व देहभर हिंडणारे हे द्रव्य ठराविक अवयवांतच परिणाम का घडविते, या प्रश्नाचे उत्तर शिकागोच्या एल्वुड जेन्सन याने १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दिले. किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण केलेले एस्ट्राडायोल त्याने अल्पवयीन रॅट माद्यांना दिले, तेव्हा स्नायूंनी ते आले तसे जाऊ दिले आणि गर्भाशयाने मात्र धरून ठेवले. धरून ठेवणारे हे प्रथिन म्हणजेच ग्राही. १९९६ साली गुस्टाफसन, कायपर व त्यांचे सहकारी यांनी रॅटाच्या पुरःस्थ ग्रंथीतून दुसरा ग्राही शोधून काढल्यावर पहिल्यास आल्फा व नव्यास बीटा असे म्हणू लागले. मूषकात आल्फाचे जनुक दहाव्या व बीटाचे बाराव्या गुणसूत्रावर आहे. हॉर्मोन जडला की ग्राहीचे दोन रेणू जोडीने डीएनएवरील नेमक्या स्थानी बसतात आणि त्या कोशिकेत हजर असलेल्या सहायक प्रथिनांच्या साहाय्याने काही जनुके चालू व काही बंद करितात. हुजुरातून सुटलेला हुकूम एकच असला तरी त्याची तामिली ज्या त्या महालातील कारकुनांच्या मगदुराप्रमाणे व्हावी, तसाच हा कारभार आहे. कोशिकेच्या पटलावरही एक निराळा ग्राही आढळला आहे; त्याचे महत्त्व किती, याविषयी अभ्यासकांत अद्याप एकमत नाही.

ग्राहीवाचून भ्रूण जगणारच नाही, अशी अनेकांची धारणा असता, १९९३ मध्ये लुबान, कोराक, स्मिथीज व त्यांचे सहकारी यांनी आल्फा ग्राहीचे जनुक निकामी केलेले मूषक उत्पन्न केले आणि ते जगलेच नव्हे, तर बाह्यतः निरोगीही दिसले. दोष आत होता. माद्या वंध्य निघाल्या. त्यांचे गर्भाशय खुरटे राहिले, एस्ट्राडायोल टोचूनही वाढेना, अंडकोशांत रक्ताने भरलेली पुटके झाली आणि पोष ग्रंथीवरचा लगाम सुटल्यामुळे रक्तातील हॉर्मोनांचे प्रमाण वाढले. निरोगी मूषकमादीत याच हॉर्मोनाने काही तासांतच गर्भाशय पाणी शोषून फुगते व दिवसभरात त्याच्या अस्तरातील कोशिकांचे विभाजन सुरू होते. गर्भधारणेच्या चौथ्या दिवशी अंडकोशातून सुटणारी स्त्रीमदजनाची अल्पशी मात्रा चुकली, तर मूषकाचा गर्भ अस्तरात रुजत नाही आणि निद्रिस्त होऊन वाट पाहत राहतो. बीटा ग्राही नसलेल्या मूषकांची पैदास १९९८ साली झाली. त्यांच्या माद्यांना पिले कमी होतात, नर मात्र प्रजननक्षम असतात.

स्तनग्रंथीचा विचार थोडा विस्ताराने करणे प्राप्त आहे, कारण मुंबईचा या विषयाशी संबंध तिच्याच द्वारे आला. मूषकमादीस स्तनग्रंथींच्या पाच जोड्या असतात; जन्मतः त्यांत नलिकांचे अगदी ठेंगणे झाड असते, आणि वयात येताना आल्फा ग्राहीच्या द्वारे मिळणाऱ्या आज्ञेने त्याच्या टोकांशी फुगीर कळ्या येऊन फांद्या मेदाच्या गादीत पसरत जातात. ग्राही नसल्यास झाड जन्मी होते तेवढेच राहते. याच वाढीची दुसरी बाजू म्हणजे कर्करोग. ॲबी लॅथ्रॉप व लिओ लोब यांनी १९१६ साली अंडकोश काढलेल्या मूषकमाद्यांत स्तनार्बुदे कमी होतात असे दाखविले. १९३२ मध्ये पॅरिसच्या लाकासान्य याने एस्ट्रोन टोचून नर मूषकांतही स्तनाचा कर्करोग उत्पन्न केला. आणि १९३६ मध्ये बिटनर याने आईच्या दुधावाटे पिलांत जाणारा एक घटक या रोगास कारण होतो असे सिद्ध केले, जो पुढे विषाणू ठरला. आनुवंशिकता, हॉर्मोन व विषाणू या तिघांचा दावा एकाच फिर्यादीत दाखल झाला, तो काळ हा.

त्यानंतर काही वर्षांनी डॉ. कमल रणदिवे या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागल्या. पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. पदव्युत्तर प्रबंध त्यांनी सीताफळ-रामफळाच्या कुळातील गुणसूत्रांवर लिहिला होता, हे वाचून त्यांच्या पुढील वाटचालीचा अंदाज कोणासही आला नसता. कर्करोगास कमी-अधिक वश होणाऱ्या मूषकवाणांच्या स्तनग्रंथींचा तौलनिक अभ्यास त्यांनी हाती घेतला, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय याच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून ते मुंबईत आणले. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी अर्बुद-विषाणू व हॉर्मोने यांच्या परस्परसंबंधाचा पाठपुरावा केला. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ हे नाव धारण करणारा, स्तनार्बुदांना प्रवण असलेला मूषकवाण ही त्या कामाची जगाच्या वंशसूचीत झालेली नोंद होय. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले; २००१ मध्ये त्या निवर्तल्या.

हे केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था म्हणून ओळखले गेले आणि २००२ साली खाडीपलीकडे, सिडकोने वसविलेल्या नवी मुंबईत, खारघर येथील साठ एकरांच्या आवारात हलले; त्याचे आजचे नाव प्रगत कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण केंद्र, बोलण्यात ‘ॲक्ट्रेक’. संशोधनाच्या इमारतीस ‘खानोलकर शोधिका’ हे नाव दिले आहे. उंदरांचे पिंजरे, वंशावळीच्या वह्या व रोजच्या नोंदी सांभाळणारे प्राणिगृह हा अशा संस्थेचा कणा असतो, परंतु आगंतुकास ते दाखविले जात नाही, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक प्रयोगास १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समितीच्या नियमांप्रमाणे मंजुरी लागते. रणदिवे यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये निघालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेचे मुख्यालयही नवी मुंबईतच, वाशी येथे आहे.

नराकडे वळू. वृषणातून शुक्राणू ज्या द्रवात वाहत येतात, त्यातील बहुतेक द्रव अपवाही नलिकांत शोषला जावा लागतो, आणि हे शोषण आल्फा ग्राहीवर अवलंबून असते. ग्राही नसलेल्या नरात द्रव तुंबतो, वृषण फुगते, शुक्राणूंची निपज खालावते आणि नर वंध्य होतो. रेक्स हेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हे प्रसिद्ध केले. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत प्रौढ नर रॅटांना आल्फा व बीटा यांचे निवडक उत्तेजक देऊन उलट बाजूने, म्हणजे ग्राहीची चेतना वाढविल्यास काय होते याचा तपास झाला. चेतनेचा अभाव जसा बाधक, तसा अतिरेकही. मूषकनराचा मेंदू तर याच्याही पुढचा चमत्कार दाखवितो: वृषणातील टेस्टोस्टेरॉन मेंदूत गेल्यावर ॲरोमॅटेझ या वितंचकाने त्याचे एस्ट्राडायोल होते, आणि हे ‘स्त्री’-मदजनच मेंदूस नरवळण लावते. मादीचा मेंदू त्यातून सुटतो तो गर्भावस्थेतील आल्फा-फीटोप्रोटीन एस्ट्राडायोलला रक्तातच अडकवून ठेवते म्हणून.

इतर अवयवांविषयी थोडक्यात सांगता येईल. अंडकोश काढलेल्या मादीची जाळीदार अस्थी झिजते, आणि आल्फा ग्राही किंवा ॲरोमॅटेझ नसलेले मूषक, नर असोत वा मादी, वयाबरोबर मेदाने सुटतात.

मूषकावरून मनुष्याविषयी अनुमान काढताना मात्र सावधगिरी हवी. मनुष्याच्या मेदातही ॲरोमॅटेझ असते, मूषकात ते मुख्यत्वे जननग्रंथी व मेंदू यांपुरते. स्त्रियांच्या स्तनार्बुदांत बहुसंख्य ग्राहीयुक्त, तर मूषकाची बहुधा ग्राहीविरहित. टॅमॉक्सिफेनचा दाखला याहून बोलका आहे. १९६६ मध्ये हार्पर व वॉलपोल यांना असे आढळले की हे द्रव्य रॅटात स्त्रीमदजनास विरोध करिते आणि मूषकात स्वतःच स्त्रीमदजनासारखे वागते. ज्या औषधाने पुढे असंख्य स्त्रियांचा स्तनकर्करोग आटोक्यात ठेवला, त्याची पारख केवळ मूषकाच्या गर्भाशयावर सोपविली असती, तर ते नामंजूर होऊन दप्तरी दाखल झाले असते. आज हेच द्रव्य मूषकशाळांत निराळ्याच कामी लागते: नैसर्गिक हॉर्मोनास दाद न देणारा व टॅमॉक्सिफेनलाच ओळखणारा बदललेला मानवी ग्राही जनुक कापणाऱ्या वितंचकास जोडून, हव्या त्या वयात हवे ते जनुक मिटविता येते.

बाह्य स्त्रीमदजनसदृश द्रव्यांचा उपद्रव मूषकशाळेने अनुभवाने जाणला. अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत निरोगी म्हणून ठेवलेल्या मूषकमाद्यांच्या अंडकोशिकांत गुणसूत्रांची विभागणी एकाएकी बिघडलेली आढळली. चौकशीअंती असे निघाले की तीव्र अल्कधर्मी साबणाने धुतल्यामुळे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे व पाण्याच्या बाटल्या विटून त्यांतून बिस्फेनॉल-ए झिरपत होते. हा वृत्तांत २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. धान्याच्या बाबतीतही हीच खबरदारी घ्यावी लागते, कारण सोयाबीनमधील वनस्पतिज द्रव्ये दुबळ्या स्त्रीमदजनासारखी वागतात, आणि म्हणून या विषयाच्या प्रयोगातील उंदरांना सोयाविरहित खाद्य घालून पाणी काचेच्या बाटल्यांतून देतात.