रॉकर स्की
बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायांना बांधायच्या स्की या लांब पट्ट्यांचा आधुनिक प्रकार. जुन्या घडणीची स्की सपाट जमिनीवर ठेवली की टोकांजवळ टेकते आणि मधोमध कमानीसारखी उचललेली राहते; हा कँबर. रॉकरमध्ये बाक उलटा असतो: होडीच्या नाळेसारखे टोक बरेच आधीपासून वर चढत जाते.

फरक कळतो तो भुसभुशीत ताज्या हिमात. कँबर स्कीचे टोक तिथे रुतते. म्हणून पूर्वी वजन मागे टाकून उतरावे लागे आणि मांड्या भरून येत. रॉकरचे टोक वर तरंगते, त्यामुळे शरीर मध्यावर तोलता येते आणि वळणे सहज घेता येतात. तुडवलेल्या, ढेकळांच्या हिमातही टोक अडकण्याऐवजी वरून निसटते. टणक उतारावर मात्र बर्फाला टेकणारी कड आखूड पडते, वेगात टोक थरथरते. त्यामुळे टोकांना रॉकर आणि पायाखाली कँबर ही मिश्र घडणच बहुतेकांना सोयीची.

शेन मॅकॉंकी या स्कीपटूच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीची ‘स्पॅच्युला’ ही रॉकर स्की २००२ च्या सुमारास आली. प्रेरणा पाण्यावरच्या स्कीची होती.

आपल्याकडच्या हौशी माणसाला असे भुसभुशीत हिम हवे तर काश्मीरमधले गुलमर्ग गाठता येते. तिथल्या गोंडोलाचा (तारेवरच्या पाळण्यांचा) दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. वरचे उतार बहुतांशी यंत्राने न दाबलेले, म्हणजे रुंद रॉकर स्कीचे हक्काचे रान. भाड्याने घेताना जोडीचे तळ एकमेकांना लावून दाबावेत: टोकापासून जितक्या आतपर्यंत फट, तितका रॉकर लांब.