कर्बाचा माग

विहिरीच्या पायरीवर शेवाळावरून पाय घसरला म्हणजे आपण त्याला शिव्या देतो. पण हेच शेवाळ पाण्यात विरघळलेला कर्बद्विप्राणिल वायू घेते आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर त्याची साखर करते. वायू आत जातो आणि अन्न तयार होते, एवढे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाले होते. मधल्या खात्यांत काय घडते, ते मात्र कोणाला सांगता येत नव्हते. गिरणीच्या दरवाजाने गासड्या आत जाताना आणि तागे बाहेर पडताना पाहणाऱ्या माणसाला आतले साचाखाते कसे कळावे?

अमेरिकेत बर्कले येथे सॅम रूबेन आणि मार्टिन केमेन यांनी किरणोत्सर्गी कर्बाने हा माग काढायचे ठरवले. असा कर्ब कोठेही लपला तरी ओळखता येतो. परंतु त्यांच्याजवळचा कर्ब-११ दर वीस मिनिटांनी निम्मा होई. १९४० साली त्यांना कर्ब-१४ गवसला. तो निम्मा व्हायला सुमारे ५,७०० वर्षे लागतात. हत्यार मिळाले, पण चालवणे नशिबी नव्हते. रूबेन १९४३ साली युद्धासाठीच्या संशोधनात फॉस्जीन वायूने दगावले. केमेन यांना १९४४ साली निव्वळ संशयावरून कामावरून काढले. संशयावरून काढणे म्हणजे काय, हे आम्हांस कोणी समजावून सांगावयास नको!

युद्धानंतर हे काम मेल्विन कॅल्व्हिन यांच्याकडे आले. १९४६ साली अँड्र्यू बेन्सन आले. जेम्स बॅशमही होते. त्यांनी क्लोरेला नावाचे एकपेशीय शेवाळ घेतले. त्याच्या पेशी साऱ्या एकसारख्या, आणि हव्या त्या क्षणी एकदम मारता येतात. चपट्या काचपात्रात शेवाळ, दोन्ही बाजूंनी दिवे. कर्ब-१४ आत सोडायचा आणि काही सेकंदांत तोटी उघडून सारे गरम अल्कोहोलमध्ये ओतायचे. मग तो अर्क कागदावर पसरवून, वर क्ष-किरणांची फिल्म ठेवून दिवसचे दिवस थांबायचे. जेथे कर्ब, तेथे काळा ठिपका. मिनिटभर उजेड दिला तर ठिपकेच ठिपके. वेळ दोन-पाच सेकंदांवर आणली, तेव्हा मुख्यतः एकच उरला. तो तीन कर्बांचे फॉस्फोग्लिसरिक आम्ल.

मग वायूला प्रथम धरते कोण? दोन कर्बांचा पदार्थ असावा, असा त्यांचा तर्क होता. तो फसला. दिवे मालवले की हे आम्ल साठे आणि पाच कर्बांची एक फॉस्फेटयुक्त साखर घटे. वायू तोडला की उलटे होई. जमाखर्च जुळला: पाच आणि एक सहा, त्याचे तीन-तीनचे दोन तुकडे. त्यांतून काही कर्ब अन्नात जातो, बाकीच्यातून तीच पाचाची साखर पुन्हा घडते. १९५४ साली हे चक्र छापून आले.

त्याच साली बेन्सन यांना तेथून जावे लागले. १९६१ चे नोबेल एकट्या कॅल्व्हिन यांना मिळाले. कॅल्व्हिन यांची योग्यता आम्ही नाकारीत नाही. पण कागदावरच्या त्या ठिपक्यांवर पुष्कळ मेहनत बेन्सन यांची होती, आणि १९९२ च्या कॅल्व्हिन यांच्या आत्मचरित्रात त्यांना जागा मिळाली नाही. बेन्सन २०१५ साली वारले. आता कित्येक पुस्तकांत त्या चक्राला कॅल्व्हिन-बेन्सन-बॅशम चक्र म्हणतात. रूबेन आणि केमेन यांची नावे त्यात नाहीत.